श्वासाची वही : फुफ्फुसाच्या कर्करोगाची जोखीम घरच्या घरी कशी नोंदवावी

छातीच्या दवाखान्यात केसपेपर भरताना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो : विडी-सिगारेट ओढता का? उत्तर ‘नाही’ असे आले की पेन पुढच्या रकान्यावर जाते. माझ्या आत्याच्या बाबतीत असेच झाले. तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता. तिच्या छातीच्या फोटोत दिसलेली सावली टीबीची समजून औषधे सुरू झाली आणि चार महिन्यांनी तुकडा तपासला गेला तेव्हा तो फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. तिने चाळीस वर्षे धुरांडे नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटवली होती, तिचे यजमान तिच्या शेजारी बसून दिवसाला वीसेक विड्या ओढत असत आणि तिच्या थोरल्या भावालाही हाच आजार झाला होता. यांपैकी नेमके कशामुळे तिला तो झाला हे कोणीही सांगू शकत नाही. परंतु या तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहिलेल्या असत्या, तर डॉक्टरांच्या मनात कर्करोगाची शंका लवकर आली असती, असे मला आजही वाटते.

तो कागद कसा तयार करावा, त्यात काय लिहावे, काय लिहू नये आणि लिहून झाल्यावर त्याचे काय करावे, हे पुढे सांगितले आहे. जोखीम म्हणजे निदान नव्हे, ही गोष्ट मात्र आरंभीच मनाशी पक्की करावी. जोखमीचे घटक अंगावर असलेली बहुसंख्य माणसे या आजाराविना आयुष्य पूर्ण करतात आणि एकही ठळक घटक नसलेल्या काहींना तो गाठतो. तरीही २०२२ साली जगभरात सुमारे २४.८ लाख लोकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. इतर कोणत्याही कर्करोगाने एवढी माणसे जात नाहीत आणि त्यातील फार मोठा वाटा टाळता येण्याजोगा आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी आयुष्याचा पत्ता लिहावा

एक साधी वही घ्यावी आणि घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तीत दोन-तीन पाने राखून ठेवावीत. वर जन्मवर्ष लिहावे आणि त्याखाली ती व्यक्ती जन्मापासून आजपर्यंत कोणकोणत्या गावी, कशा घरात, किती वर्षे राहिली हे क्रमाने मांडावे. उदाहरणार्थ : ‘१९६२ ते १९८१, सासवडजवळचे गाव, मातीचे घर, लाकडाची चूल, १९८१ ते १९९६, लालबागची चाळ, एकच खोली, रॉकेलचा स्टोव्ह, १९९६ पासून बदलापूर, गॅस.’ वडीलधाऱ्यांना साल आठवत नसेल तर घटनांचा आधार घ्यावा. १९७२चा दुष्काळ, १९८२चा गिरणी संप, १९९३चा किल्लारीचा भूकंप, घरातली लग्ने आणि बाळंतपणे यांच्या आगेमागे विचारत गेले की कालक्रम आश्चर्य वाटावे इतका नीट लागतो.

सालांचा एवढा आग्रह धरण्यामागे कारण आहे. हा आजार एका दिवसाच्या धुराने होत नाही. धुरातील किंवा धुळीतील घटक श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएला इजा करतात, शरीर त्यातील बरीचशी इजा दुरुस्त करते, काही दुरुस्त होत नाही, आणि अशा चुका एकाच पेशीत साठत गेल्या की ती पेशी आवर सोडून वाढू लागते. या साठण्याला दशके लागतात. त्यामुळे आज पासष्टीला आलेल्या माणसाची जोखीम त्याने पंचविसाव्या वर्षी काय श्वासात घेतले यावरही ठरते आणि ‘ते काम मी केव्हाच सोडले’ हे म्हणणे वहीतली ओळ गाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

तंबाखूचा धूर : सर्वांत मोठी नोंद

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने सापडली असून त्यांपैकी किमान ७० कर्करोग निर्माण करणारी आहेत. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली लंडनमधील रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयी तपासून धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला आणि १९५१पासून ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवत ते काम पुढे पन्नास वर्षे चालले. त्यानंतर या संबंधाविषयी शंका घेण्यास जागा उरलेली नाही. वहीतील सर्वांत काळजीपूर्वक भरायचे पान म्हणूनच हे आहे.

सिगारेटसाठी ‘पॅक-वर्ष’ हे माप जगभर वापरले जाते. दिवसाला २० सिगारेटी एक वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष होते. दिवसाला १० सिगारेटी ३० वर्षे ओढणाऱ्याची १५ पॅक-वर्षे होतात. विडीला हे माप चपखल बसत नाही, कारण विडीचे बंडल वेगळे, तिच्यातील तंबाखूचे वजनही वेगळे. म्हणून आपल्याकडील छातीविकाराचे डॉक्टर ‘स्मोकिंग इंडेक्स’ काढतात : दिवसाची संख्या गुणिले वर्षे. दिवसाला १५ विड्या २८ वर्षे ओढल्या असतील तर हा आकडा ४२० येतो. शंभरापर्यंतचा आकडा सौम्य, शंभर ते तीनशे मध्यम आणि तीनशेच्या पुढचा जड धूम्रपानाचा मानला जातो. वहीत केवळ गुणाकार लिहू नये. काय ओढले, किती, कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत, हे चारही तपशील स्वतंत्र लिहावेत. याचे कारण असे की, दिवसाला २० सिगारेटी २० वर्षे आणि दिवसाला १० सिगारेटी ४० वर्षे यांची पॅक-वर्षे सारखीच भरत असली, तरी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत दुसऱ्या माणसाची जोखीम सर्वसाधारणपणे अधिक असते. संख्येपेक्षा वर्षे जड जातात.

विडीविषयी एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे, तो असा की विडी पानाची असते, तंबाखू चिमूटभर असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूचे पान सच्छिद्र नसल्यामुळे विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि तंबाखू कमी असूनही टार, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड फुफ्फुसात भरपूर पोहोचतात. राष्ट्रीय पातळीवरील २०१६-१७च्या पाहणीनुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. त्यात विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न आधी विडीचा आहे. चिलीम आणि हुक्का यांचीही नोंद करावी, कारण हुक्क्यातील पाण्याने धूर थंड होतो, तो निर्धोक होत नाही. ई-सिगारेटवर भारतात २०१९पासून बंदी आहे. ती वापरात येऊन पुरेशी दशके लोटलेली नाहीत, तरी वापर झाला असल्यास लिहून ठेवावा.

ही माहिती विचारताना थोडे तारतम्य लागते. अनेक घरांत आजीने तरुणपणी विडी ओढलेली असते आणि ती गोष्ट नातवंडांसमोर निघत नाही. चारचौघांत विचारू नये. एकटे असताना, दोष न देता विचारावे. मशेरी, जर्दा, खैनी, गुटखा यांची नोंद स्वतंत्र ओळीत करावी. या पदार्थांमुळे प्रामुख्याने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध धुरासारखा सिद्ध झालेला नाही. मात्र मशेरी भाजताना तव्यावरून उठणारा धूर हा तंबाखूचाच धूर असतो, आणि ती रोज घरात भाजली जात असेल तर मी तरी ते लिहून ठेवीन.

ज्यांनी धूम्रपान सोडले आहे त्यांनी सोडल्याचे वर्ष अवश्य लिहावे, कारण पुढील सगळा हिशेब त्यावर बदलतो. ब्रिटनमधील पुरुषांच्या आकडेवारीवरून रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की, आयुष्यभर सिगारेट ओढत राहणाऱ्याचा ७५व्या वर्षापर्यंत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते; साठाव्या वर्षी सोडल्यास ती सुमारे १० टक्के, पन्नासाव्या वर्षी सोडल्यास ६, चाळिसाव्या वर्षी ३ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास सुमारे २ टक्क्यांवर येते. हे आकडे भारतीय विडीवाल्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण त्यांची दिशा सर्वांना लागू आहे. ‘आता साठीला सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या वडिलांना हे दोन आकडे, सोळा आणि दहा, शांतपणे दाखवावेत.

दुसऱ्याचा धूर

स्वतः न ओढणाऱ्यांच्या पानावर ‘घरात कोण ओढत असे’ ही ओळ हवीच. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली, धूम्रपान न करणाऱ्या ९१,००० हून अधिक विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे मागोवा घेऊन दाखवले की, ज्यांचे पती अधिक धूम्रपान करत त्या स्त्रियांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक होते. नंतरच्या संशोधनाचा एकत्रित निष्कर्ष असा की, जोडीदाराच्या धुरात राहिल्याने ही जोखीम वीस ते तीस टक्क्यांनी वाढते. भारतात २०१६-१७ साली ३८.७ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जात होते. एका खोलीच्या चाळीत, बंद गाडीत किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे घालवलेला काळ येथे लिहावा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८पासून कडक बंदी आहे, घरात मात्र कायदा पोहोचत नाही. तेथे घरातल्या माणसांनीच ‘घरात नाही आणि गॅलरीतही नाही’ असा नियम घालावा लागतो, कारण खिडकीत उभे राहून ओढलेल्या विडीचा धूर आतच येतो.

चूल, शेगडी आणि स्वयंपाकघर

स्त्रियांच्या पानावर ही नोंद सर्वांत मोठी ठरण्याची शक्यता असते, आणि तीच सर्वांत कमी विचारली जाते. सर्व इंधने सारखी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळल्या जाणाऱ्या दगडी कोळशाच्या धुराला मनुष्यात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. लाकूड आणि इतर जैव इंधनांचा धूर ‘बहुधा कर्करोगजनक’ या त्याखालच्या गटात आहे. म्हणून ‘चूल होती’ एवढे लिहून भागत नाही. सरपण होते की गोवऱ्या, तुराट्या होत्या की पऱ्हाट्या, लाकडी कोळसा होता की खाणीचा दगडी कोळसा, हे लिहावे. चंद्रपूर-वणी पट्ट्यात दगडी कोळशाच्या शेगडीवर वाढलेल्या व्यक्तींनी ही ओळ ठळक करावी.

चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई या परगण्याची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तेथील स्त्रिया क्वचितच धूम्रपान करत, तरी त्यांच्यातील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशातील सर्वांत वरच्या पातळीचे होते. त्या घराच्या आत उघड्या जाळात धुरकट दगडी कोळसा पेटवत असत. पुढे ज्या घरांनी धुरांडे असलेल्या चुली बसवल्या, त्या घरांतील स्त्री-पुरुषांमध्ये हा आजार दीर्घकाळात चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. केवळ धूर बाहेर काढण्याने एवढा फरक पडला. म्हणून वहीत इंधनाशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात : धुरांडे होते का, स्वयंपाकघर वेगळे होते की तीच झोपायची खोली होती, आणि दिवसातून साधारण किती तास चुलीपुढे जात. आज गॅस घरात असूनही पाणी तापवायला, भाकरीला किंवा सिलिंडर महाग म्हणून चूल चालू असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे आणि निदान पाण्याची चूल उघड्यावर न्यावी. खूप तापलेल्या तेलाचा धूर हाही ‘बहुधा कर्करोगजनक’ गटात मोडतो. वडापावच्या गाडीवर किंवा खानावळीत कढईपुढे आयुष्य गेलेल्या माणसासाठी ही ओळ महत्त्वाची आहे, घरी आठवड्यातून एकदा तळण करणाऱ्यासाठी नाही.

कामाची धूळ, कामाचा धूर

‘नोकरी : कामगार’ असे लिहिलेल्या केसपेपरचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. हातात कोणते काम होते ते लिहावे. ज्या कामांतील संपर्काचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे, त्यांत ॲस्बेस्टॉस (सिमेंटच्या पत्र्यांत वापरले जाणारे तंतुमय खनिज), दगडाची बारीक सिलिका धूळ, डिझेल इंजिनाचा धूर, वेल्डिंगचा धूर, क्रोम प्लेटिंगमधील क्रोमियम, निकेल, कॅडमियम, आर्सेनिक, लोखंड-पोलादाच्या फाउंड्रीतील काम आणि रंगाऱ्याचे काम यांचा समावेश होतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत साचे फोडणारा, खडी क्रशरवर भुकटीत उभा राहणारा, ट्रकच्या गॅरेजमध्ये तीस वर्षे काढलेला आणि बांधकामावर ग्राइंडरने काँक्रीट कापणारा माणूस स्वतःला या यादीत कधी मोजत नाही, म्हणून त्याच्या वतीने घरच्यांनी मोजावे.

ॲस्बेस्टॉसवर थोडे थांबले पाहिजे. संपर्क आणि आजार यांच्यात वीस ते चाळीस वर्षांचे अंतर पडत असल्याने आजच्या रुग्णांची कारणे जुन्या कारखान्यांत दडलेली असतात. सिमेंटचे पत्रे आणि नळ बनवणे, जुन्या बॉयलरच्या व वाफेच्या नळ्यांवरचे आवरण काढणे किंवा घालणे, ब्रेक लायनिंग घासणे, मुंबईच्या दारूखान्यासारख्या ठिकाणी जुनी जहाजे तोडणे, अशी कामे विशेष आठवून लिहावीत. धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या पत्नीच्या पानावरही ही नोंद करावी. अमेरिकेतील इन्सुलेशन (उष्णतारोधक आवरण बसवणाऱ्या) कामगारांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात, संपर्क नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत केवळ ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूची जोखीम सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र असल्यास पन्नासपटीहून अधिक आढळली. दोन जोखमी एकत्र आल्या की त्यांची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. म्हणूनच धुळीत काम केलेल्या माणसाने विडी सोडणे हे इतर कोणापेक्षाही अधिक तातडीचे आहे.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत; ते सुटतात पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना किंवा घासून साफ करताना. पत्रा बदलायचा असेल तर तो ओला करून अखंड उतरवावा, तुकडे करू नयेत, आणि खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये.

एक कायदेशीर बाब अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालानुसार ॲस्बेस्टॉसशी संबंधित उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवणे बंधनकारक आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग हा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहे. त्यामुळे जुनी हजेरी कार्डे, पगारपत्रके, ईएसआयचे कार्ड आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या रद्दीत न टाकता वहीबरोबर एका पिशवीत ठेवाव्यात.

हवा आणि जमीन

बाहेरील प्रदूषित हवेला २०१३ साली, आणि डिझेलच्या धुराला त्याआधी २०१२ साली, निश्चित कर्करोगजनक ठरवण्यात आले. हवेतील अतिसूक्ष्म धुलिकणांची, म्हणजे पीएम २.५ची, वार्षिक सरासरी मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ वर आणली. एका व्यक्तीपुरती ही जोखीम धूम्रपानाच्या मानाने लहान असते, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येते. महामार्गालगत, औष्णिक वीज केंद्राजवळ किंवा कचरा जळणाऱ्या जागेजवळ घालवलेली वर्षे पहिल्याच पानावरील पत्त्याशेजारी लिहावीत, एवढे पुरे.

रेडॉन हा जमिनीतील युरेनियमपासून तयार होणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू आहे. वेगवेगळ्या देशांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा ३ ते १४ टक्के वाटा त्याच्याकडे जातो. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या बसॉल्ट खडकावर वसला आहे त्यात युरेनियम कमी असते आणि आपली घरे उघडी-वारी असतात, त्यामुळे येथे या ओळीवर फार वेळ घालवू नये. परंतु अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती वगळू नये. थंडीसाठी बंदिस्त केलेल्या घरात आणि विशेषतः तळघरात हा वायू साठतो. अमेरिकेत ४ पिकोक्युरी प्रतिलिटर आणि ब्रिटनमध्ये घनमीटरला २०० बेकरेल या पातळीला उपाय करण्याचा सल्ला दिला जातो. मोजणीचा संच स्वस्त असतो. मुलाच्या घरी तळघरातील खोलीत सहा-सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांसाठी तरी ही चाचणी करून घ्यावी.

शरीराचा इतिहास

आता उरले शरीर. पूर्वी टीबी होऊन गेला असल्यास वर्ष आणि घेतलेल्या औषधांचा कालावधी लिहावा, कारण फुफ्फुसावर राहिलेल्या व्रणांमुळे जोखीम काहीशी वाढते आणि पुढे फोटो वाचणाऱ्यालाही जुना डाग कोणता हे कळते. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फुफ्फुस आक्रसण्याचा आजार, एचआयव्ही आणि स्तनाच्या कर्करोगासाठी किंवा लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) छातीवर घेतलेली किरणोपचाराची मात्रा यांचीही नोंद असावी. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुले यांपैकी कोणाला फुफ्फुसाचा कर्करोग झाला असल्यास तो कोणत्या वयात झाला आणि ती व्यक्ती धूम्रपान करत होती का, हे लिहावे. अशा नात्यामुळे जोखीम साधारण दीड ते दोनपट होते, आणि पन्नाशीच्या आत झालेला आजार अधिक लक्ष देण्याजोगा असतो.

काय लिहू नये हेही सांगितले पाहिजे, कारण भीतीने भरलेली वही निरुपयोगी होते. उदबत्ती आणि मच्छरांची कॉइल यांच्या धुरात सूक्ष्म कण भरपूर असतात. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात असे २००३ साली मोजले गेले आहे. परंतु याचा अर्थ एक कॉइल शंभर सिगारेटींएवढा कर्करोग देते असा होत नाही. कर्करोगाशी तिचा संबंध पुरेसा सिद्ध झालेला नाही. दमा किंवा मुलांचा खोकला असल्यास कॉइल बंद करून मच्छरदाणी लावावी, पण हिशेबात तिला विडीच्या शेजारी बसवू नये. मोबाइल, मायक्रोवेव्ह, मानसिक ताण यांना या वहीत जागा नाही.

याउलट एक गोष्ट फार निर्धोक वाटते आणि ती तशी नाही. धूम्रपान करणाऱ्या काही व्यक्ती ‘फुफ्फुसे स्वच्छ राहावीत’ म्हणून बीटा-कॅरोटिनच्या (गाजरात असणाऱ्या रंगद्रव्याच्या) गोळ्या घेतात. फिनलंडमधील २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील १९९४च्या चाचणीत या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि अमेरिकेतील अशाच एका चाचणीत तो २८ टक्क्यांनी अधिक आढळल्यावर १९९६ साली ती मध्येच थांबवावी लागली. गाजर अवश्य खावे. गोळी घेऊ नये.

वही भरल्यावर

प्रत्येक पानावर बदलता येण्याजोग्या ओळींखाली रेघ मारावी आणि सर्वांत मोठ्या ओळीपासून सुरुवात करावी. ती ओळ चालू धूम्रपानाची असेल तर आधी दुसरे काही करू नये. निव्वळ निश्चयावर विसंबण्यापेक्षा मदत घेतल्याने यश येण्याची शक्यता वाढते. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे. निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्ट्या, तसेच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या उपलब्ध आहेत. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो आणि पुष्कळांना दोन-चार वेळा सोडून पुन्हा सोडावे लागते. तो प्रत्येक प्रयत्न तारखेसह वहीत लिहावा.

तपासणीबाबत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. दरवर्षी छातीचा साधा फोटो काढल्याने या आजाराचे मृत्यू घटत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने मात्र, अमेरिकेतील ५३,००० हून अधिक जड धूम्रपान करणाऱ्यांवरील २०११च्या चाचणीत, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. अमेरिकेत २०२१पासून ५० ते ८० वयाच्या, किमान २० पॅक-वर्षे झालेल्या आणि अद्याप ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या व्यक्तींना दरवर्षी असा स्कॅन सुचवला जातो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. अमेरिकेतील त्या २०११च्या चाचणीत संशयास्पद वाटलेल्या सुमारे ९६ टक्के स्कॅनमध्ये अखेरीस कर्करोग नव्हता; टीबीचे व्रण घरोघरी असलेल्या आपल्या देशात अशी खोटी धास्ती अधिकच संभवते. म्हणून पॅकेजच्या जाहिराती पाहून स्वतःहून स्कॅन करू नये. आपला धूम्रपानाचा आकडा मोठा असेल तर वही घेऊन छातीविकारतज्ज्ञांकडे जावे आणि निर्णय त्यांच्यासोबत घ्यावा.

लक्षणे असल्यास गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला किंवा स्वभाव बदललेला खोकला, बेडक्यात रक्त, बसलेला आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, कारण नसताना घटलेले वजन, छातीत किंवा खांद्यात सतत दुखणे, बोटांची टोके फुगणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. टीबीची शंका घेणे आपल्याकडे योग्यच आहे, पण बेडका तपासून ती सिद्ध झाली आहे का, हे विचारावे. केवळ फोटोवरून औषधे सुरू झाली असतील आणि दोन महिन्यांनंतरही सावली तशीच असेल किंवा वाढली असेल, तर सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी यांविषयी नम्रपणे पण स्पष्ट विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

डॉक्टरांपुढे संपूर्ण वही उघडू नये. त्यांच्यापाशी वेळ थोडा असतो. पाच-सहा ओळींचा सारांश निराळ्या कागदावर लिहून न्यावा. आत्याचे पान मी तिच्या पश्चात लिहिले, ते असे झाले : ‘वय ६१. स्वतः धूम्रपान नाही. पतीच्या विड्या, रोज २०, ३५ वर्षे, एकाच खोलीत. लाकडाची चूल, धुरांडे नाही, ४० वर्षे. सख्ख्या भावाला फुफ्फुसाचा कर्करोग, वय ५८. पूर्वी टीबी नाही. खोकला दोन महिने, वजन सहा किलोंनी कमी.’ आता माझ्या आतेबहिणीच्या पानावर नातेवाइकांच्या रकान्यात आईचे नाव आणि तिचे वय लिहिलेले आहे, आणि गेल्या पावसाळ्यात खोकला महिनाभर हटेना तेव्हा तिने तो कागद केसपेपरला टाचणीने जोडूनच आत पाठवला.